चाल कुणाची, नाव कुणाचं?

१९२७ च्या ऑगस्टमध्ये व्हर्जिनियाच्या डोंगरातून तिघं जण ध्वनिमुद्रणासाठी ब्रिस्टलला आली. ए. पी. कार्टर, त्यांची पत्नी सारा आणि भावजय मेबेल. मेबेल अठरा वर्षांची, दिवस भरत आलेले. हीच पुढे गाजलेली ‘कार्टर फॅमिली’. मेबेल अंगठ्यानं जाड तारांवर चाल वाजवी, त्याच हाताच्या बोटांनी ठेका धरी. १९२८ चं ‘वाइल्डवुड फ्लॉवर’ ऐका, म्हणजे कळेल.

मला मात्र चौथा माणूस आठवतो. लेस्ली रिडल. कृष्णवर्णीय गिटारवादक, अपघातात एक पाय गमावलेला. ए. पी. गाणी गोळा करत गावोगाव हिंडत, तेव्हा रिडल बरोबर असत. शब्द ए. पी. टिपून घेत, चाल रिडल कानात साठवत आणि परतल्यावर घरच्यांना ऐकवत. तबकडीवर नाव एकट्या ए. पी. कार्टर यांचं!

कवी म्हणून मला याचा राग येतो. पण ए. पी. हिंडलेच नसते, तर त्यातली किती गाणी उरली असती?

१९४० च्या दशकात हा संच मोडला. रिडल यांना माइक सीगर यांनी १९६० च्या दशकात शोधून काढलं, तेव्हा त्यांनी वादन कधीच सोडलेलं होतं. सीगर यांनी त्यांना पुन्हा गिटार हातात घ्यायला लावली.