बाणाची पिसं घरीच बदलताना

अहिल्यानगरहून बोलतोय. दिवसभर कोड, संध्याकाळी धनुर्विद्या. 2023 मध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे कंपाउंडमध्ये जगज्जेते झाले. तेव्हाचे व्हिडिओ बघून तुमच्यापैकी काहींनी धनुष्य हातात घेतलं असेल. तर आज बाणांबद्दल.

कार्बनच्या बाणाला मागे सहसा प्लॅस्टिकची तीन पिसं असतात, त्यांना व्हेन म्हणतात. ती फाटली की बाण भरकटतो. पण म्हणून बाण टाकून द्यायचा नाही, पिसं घरी बदलता येतात.

चिकटवणं सोपं. खरी जोखीम आहे जुनी पिसं काढण्यात. धारदार पातं कार्बनमध्ये घुसलं की तंतू तुटतात, आणि असा बाण सुटताना फुटून थेट हातात घुसू शकतो. म्हणून बोथट पातं घ्या, जवळजवळ आडवं धरा आणि बाणाच्या लांबीनं सरकवा. जुना गोंदही तसाच खरवडा. गरम मात्र करू नका.

आता दोन्ही टोकं धरून बाण चेहऱ्यापासून लांब ठेवा, हलकासा वाकवा, फिरवत राहा. कर्र आवाज आला किंवा चीर दिसली, तर बाण बाद! लाल टेप लावून ठेवा, म्हणजे दुसरं कुणी चुकून मारणार नाही. इथे काटकसर नको.

बाण धड असेल तर आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं पुसा, वाळू द्या, नंतर बोट लावू नका. जिगमध्ये 120 अंशांच्या अंतरानं एकेक पीस बसवा. गोंदाची बारीक रेघ पुरते. शेवटी पिसाच्या दोन्ही टोकांना एकेक थेंब.

पैसे वाचवा, पण बोटं आधी! भेटू पुढच्या भागात.