पत्ता चुकला कीं मराठी हरवते

भिवंडीहून वाड्याकडे निघालेली मालमोटार अंबाडीस येते. तेथून वज्रेश्वरीकडे रस्ता फुटतो. पेटीवर गांवाचें नांव स्पष्ट असेल, तर नाक्यावर कोणास विचारावें लागत नाहीं. संगणकांतहि असेच फाटे असतात, आणि तेथें जाणाऱ्या मालाचा पत्ता कारखान्यांतच लिहून टाकावा लागतो.

लिनक्सवर चालणारे पुष्कळसे प्रोग्रॅम मूळ लेखनाच्या रूपानें मिळतात. ते यंत्राच्या भाषेंत उतरवून घ्यावे लागतात. ह्या बांधणीच्या प्रारंभींच माल कोठें ठेवावयाचा हें ठरतें. बांधणाऱ्यानें कांहींच सांगितलें नाहीं, तर ग्नूच्या रूढ साधनांनीं बांधलेला प्रोग्रॅम ‘यूएसआर’च्या पोटांतील ‘लोकल’ ह्या कप्प्यांत जातो.

हा संकेत लहरीचा नव्हे. १९९४ पासून लिनक्सच्या कप्प्यांची एक लेखी नियमावली आहे. तिची तिसरी आवृत्ति २०१५ मध्यें निघाली. ‘यूएसआर’ हें वितरकाचें कोठार आणि ‘लोकल’ ही घरधन्याची कणगी, असा तिचा भाव. वितरकानें नवा माल भरला, तरी कणगीस हात लागत नाहीं. म्हणूनच डेबियनसारख्या वितरणासाठीं बांधणी करणाऱ्यास रूढ पत्ता मोडून ‘यूएसआर’ असें मुद्दाम सांगावें लागतें.

आतां मराठीचा संबंध पाहूं. ग्नोम आणि केडीई ह्यांचे संदेश मराठींत आणण्यासाठीं अनुवादकांनीं वर्षानुवर्षें श्रम केले. ते संदेश मूळ पत्त्याखालीं ‘शेअर’, त्यांत ‘लोकेल’, त्यांत ‘एमआर’ अशा कप्प्यांत बसतात, आणि बहुधा हा सबंध पत्ता बांधणीच्या वेळींच प्रोग्रॅमच्या अंगीं गोंदला जातो. मागाहून कोणी फाइली हातानें दुसरीकडे हलविल्या, तरी प्रोग्रॅम जुन्याच दारीं जातो. तेथें कांहीं सांपडलें नाहीं, तर तो तक्रार करीत नाहीं. मुकाट्यानें मूळची इंग्रजी दाखवितो. दोष मात्र येतो बिचाऱ्या अनुवादकावर!

सर्वांत फसवी चूक गठ्ठा बांधतांना होते. बांधणाऱ्यास स्वतःच्या यंत्रांतील ‘यूएसआर’ बिघडवावयाचें नसतें, म्हणून तो माल एका तात्पुरत्या कप्प्यांत उतरवितो. त्यासाठीं ‘डेस्टडिर’ नांवाची निराळी सोय आहे. तिनें माल तात्पुरता तेथें उतरतो, पण गोंदलेला पत्ता बदलत नाहीं. घाईनें तो तात्पुरता कप्पाच मूळ पत्ता म्हणून दिला, तर ग्राहकाच्या घरीं गेलेला प्रोग्रॅम बांधणाऱ्याची खोली शोधीत बसतो.

तेव्हां गठ्ठा दुसऱ्या यंत्रावर उतरवून, तेथें मराठी भाषा निवडून, तो एकदां चालवून पाहावा. इंग्रजीच दिसली, तर त्या यंत्रावर मराठीची सोय केलेली आहे ना, हें आधीं पाहावें. ती असेल, तर ‘एमआर’चा कप्पा उघडावा. फाइल तेथें असूनहि संदेश इंग्रजींतच येत असतील, तर अनुवादकास पत्र धाडण्यापूर्वीं बांधणीची पहिली ओळ पुन्हां वाचावी.