डिझेलचा कर कोण भरतो?



जिजाऊंच्या सिंदखेडराजा तालुक्यातल्या या दुसरबीडमध्ये स्वागत समितीच्या वतीने मी आपले मनापासून स्वागत करतो. ऊर्जेवरील करांची चर्चा मुंबई-दिल्लीत होते. भार मात्र आपल्या वावरात उतरतो. म्हणून ही परिषद इथेच व्हावी, असा आमचा आग्रह होता.

पेट्रोल-डिझेल अजून जीएसटीबाहेर आहे. त्यावर केंद्राचे उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट लागतो. मे २०२० मध्ये, टाळेबंदीत कच्चे तेल कोसळलेले असताना, केंद्राने लिटरमागे पेट्रोलवर १० आणि डिझेलवर १३ रुपये वाढवले. पुढे नोव्हेंबर २०२१ आणि मे २०२२ मध्ये शुल्क उतरवले. पण मधले हंगाम आपण महाग डिझेलवरच काढले.

अभ्यासक सांगतात, गरीब देशांत इंधनकराचा भार बहुधा श्रीमंतांवर जास्त पडतो, कारण गाड्या त्यांच्याकडे असतात. पेट्रोलपुरते मला हे पटते. डिझेलचे तसे नाही. जिच्या घरी सायकलही नाही, ती मजूर बाई एसटीच्या तिकिटात आणि किराण्यात हा कर भरते. दोन एकरवाला ट्रॅक्टर भाड्याने आणतो. नांगरटी, रोटावेटर, सोयाबीनची मळणी, प्रत्येक भाड्यात हा कर असतो. कारखानदार वाढलेला खर्च किमतीत घालू शकतो. सोयाबीनचा भाव कास्तकार ठरवत नाही, त्यामुळे त्याचा कर त्याच्याच अंगावर राहतो.

आता विजेचे पाहू. घरगुती वीजबिलावर १६ टक्के वीजशुल्क आहे. वापर वाढला की युनिटचा दर चढतो, शुल्काचा टक्का मात्र एका बल्बच्या घराला आणि वातानुकूलित बंगल्याला सारखाच. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना एप्रिल २०२४ पासून मोफत वीज मिळते, हा मोठा दिलासा आहे. पण ज्याला विहीरच नाही, त्याला त्यातले काय मिळणार?

कर नकोच, असे मी म्हणत नाही. रस्ते आणि दवाखाने त्यातूनच होतात. स्वित्झर्लंडमध्ये हीटिंगच्या इंधनावरील कार्बन कराचा एक भाग माणशी सारखा वाटून लोकांना परत दिला जातो. कमी जाळणाऱ्या गरिबाला त्यात भरल्यापेक्षा जास्त मिळते. आपल्याकडे असे करता येईल का, हे आज इथे तपासावे. वक्त्यांना माझी कळकळीची विनंती आहे: करांचा हिशेब मांडताना भूमिहीनाचा रकाना वेगळा ठेवा.

आता अध्यक्ष महोदयांनी कामकाज सुरू करावे.