भूजल कोणाचे? प्लाचिमडा येथील लढ्याचा धडा



जमिनीच्या पोटातील पाणी कोणाच्या मालकीचे, हा प्रश्न एरवी कायदेपंडितांचा समजला जातो. विहीर आटली की मात्र तो गावातील प्रत्येक घराचा होतो. केरळ राज्यातील एका ग्रामपंचायतीने हा प्रश्न २००३ साली उच्च न्यायालयापुढे उभा केला. लोकांनी शासनाकडे पाण्याच्या रक्षणाची मागणी केली, म्हणजे त्यातून काय साधते आणि काय अपुरे राहते, हे समजून घेण्यासाठी तो इतिहास पंचायत सदस्यांनी, शिक्षकांनी आणि अधिकाऱ्यांनी ध्यानात घ्यावा असा आहे.

पालक्काड जिल्ह्याच्या चित्तूर तालुक्यात, तामिळनाडूच्या सीमेजवळ, पेरुमाट्टी ही ग्रामपंचायत आहे. केरळ म्हटले की मुबलक पावसाचे चित्र डोळ्यांपुढे येते. परंतु हा भाग पर्जन्यछायेत मोडतो. खाली कठीण खडक आणि त्याच्या भेगांतून साठलेले मर्यादित पाणी, अशी येथील भूरचना आहे. भात आणि नारळ ही येथली पिके, आणि इरवलर, मलसर या आदिवासी जमातींतील शेतमजुरांची येथे मोठी वस्ती. या पंचायतीच्या हद्दीतील प्लाचिमडा येथे हिंदुस्थान कोका-कोला बेव्हरेजेस या कंपनीने सुमारे ३४ एकर जमिनीवर शीतपेयांचा कारखाना उभारला. जानेवारी २००० मध्ये पंचायतीने परवाना दिला आणि मार्च महिन्यात उत्पादन सुरू झाले. गावात रोजगार येईल, पंचायतीच्या तिजोरीत कर जमा होईल, ही अपेक्षा स्वाभाविक होती.

शीतपेयाचा मुख्य कच्चा माल पाणी हाच असतो. ते कारखान्याच्या आवारातील विंधन विहिरींतून उपसले जाऊ लागले. दोन वर्षांच्या आतच भोवतालच्या वस्त्यांतून तक्रारी येऊ लागल्या. विहिरींची पातळी खाली गेली होती आणि उरलेल्या पाण्याची चव पालटली होती. त्या पाण्यात भात नीट शिजेना, डाळ मुरेना, अंघोळ केली तर अंगाला खाज सुटे. पाण्यातील क्षारांचे प्रमाण वाढले होते. २००३ मध्ये आरोग्य केंद्रानेही ते पाणी पिण्यास अयोग्य ठरविले. पिण्याचे पाणी दुरून वाहून आणण्याचा भार अर्थातच स्त्रियांवर पडला, आणि पाण्यासाठी गेलेल्या वेळात बुडालेली मजुरी हा त्या घरांचा दुसरा तोटा झाला. कारखान्यातील गाळ खत म्हणून शेतकऱ्यांना दिला जात असे. २००३ मध्ये झालेल्या तपासणीत त्यात कॅडमियम आणि शिसे ही विषारी द्रव्ये आढळली. कंपनीने आपल्यावरील दोषारोप नाकारला आणि पाणीटंचाईचे कारण अपुरा पाऊस हे असल्याचे सांगितले.

२२ एप्रिल २००२ रोजी कारखान्याच्या फाटकासमोर धरणे सुरू झाले आणि ते वर्षानुवर्षे चालू राहिले. त्याच्या अग्रभागी आदिवासी स्त्रिया होत्या. इरवलर जमातीतील मयिलम्मा यांचे नाव या लढ्याशी कायमचे जोडले गेले आहे. शालेय शिक्षणाची जोड नसलेल्या या शेतमजूर स्त्रीने जे सांगितले ते आपल्या विहिरीवरून सांगितले, आणि म्हणूनच ते कोणाला सहजासहजी खोडून काढता आले नाही. २००७ च्या जानेवारीत त्यांचे निधन झाले.

या घटनाक्रमातील खरे वळण पंचायतीने घेतले. परवाना देणारी पंचायतच होती. एप्रिल २००३ मध्ये तिने परवान्याचे नूतनीकरण न करण्याचा ठराव केला आणि करापोटी मिळणाऱ्या उत्पन्नावर पाणी सोडण्याची तयारी दाखविली. राज्य शासनाच्या स्थानिक स्वराज्य विभागाने या निर्णयाला स्थगिती देऊन तज्ज्ञांकडून चौकशी करण्यास सांगितले. पंचायत उच्च न्यायालयात गेली.

१६ डिसेंबर २००३ रोजी केरळ उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी दिलेला निर्णय मूलगामी होता. भूजल ही लोकांची संपत्ती आहे, शासन तिचे मालक नसून विश्वस्त आहे आणि पंचायत हे शासनाचेच एक अंग असल्यामुळे विश्वस्ताचे कर्तव्य तिच्यावरही येते, असे न्यायालयाने म्हटले. ३४ एकरांचा सामान्य शेतकरी आपल्या जमिनीत जेवढे पाणी वापरील तेवढेच कंपनीने घ्यावे. त्याहून अधिक हवे असल्यास दुसरीकडून आणावे. मात्र याच कारणास्तव संपूर्ण कारखाना बंद करण्याचा पंचायतीचा आदेश न्यायालयाने मान्य केला नाही.

दुसरी बाजूही तितकीच जुनी आणि बळकट होती. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमाने जमिनीच्या मालकाला आपल्या हद्दीतील भूगर्भजल घेण्याचा हक्क मान्य केला आहे. ७ एप्रिल २००५ रोजी उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने याच विचाराचा आधार घेतला. कायद्याने स्पष्ट मनाई नसेल तर मालकाला पाणी घेता येते, असे सांगून खंडपीठाने पुरेशा पावसाच्या वर्षी दररोज ५ लाख लिटरपर्यंत उपशास मुभा दिली. पंचायत सर्वोच्च न्यायालयात गेली. दरम्यान २००४ च्या आरंभी राज्य शासनाने अवर्षणामुळे उपशावर निर्बंध घातले होते आणि मार्चमध्ये उत्पादन थांबले होते. ते पुन्हा नियमितपणे सुरू झाले नाही.

पुढे शासनाने नेमलेल्या उच्चाधिकार समितीने २०१० साली शेती, आरोग्य, पाणी व मजुरी यांची एकूण हानी २१६.२६ कोटी रुपये इतकी आकारली. भरपाईसाठी न्यायाधिकरण स्थापण्याचे विधेयक केरळ विधानसभेने २०११ मध्ये संमत केले. परंतु त्याला राष्ट्रपतींची अनुमती मिळाली नाही. २०१७ साली कंपनीने प्लाचिमडा येथे उत्पादन पुन्हा सुरू करण्याचा विचार नसल्याचे सर्वोच्च न्यायालयात सांगितले आणि प्रकरण निकाली निघाले. कारखाना गेला, पण भूजल कोणाचे, या प्रश्नाचा त्या प्रकरणात अंतिम निर्णय झालाच नाही. विधेयकाने ज्यांना भरपाईचे आश्वासन दिले होते, त्यांच्या पदरात त्या मार्गाने काही पडले नाही.

महाराष्ट्राच्या दृष्टीने या इतिहासाला विशेष अर्थ आहे. राज्याचा फार मोठा भाग काळ्या कातळावर वसलेला आहे. तेथेही पाणी खडकाच्या भेगांतच साठते आणि एका विंधन विहिरीचा परिणाम शेजारच्या विहिरीवर होतो. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर राज्याने १९९३ च्या अधिनियमाने बंधन घातले. त्याची जागा घेणाऱ्या २००९ च्या भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियमात शेती व उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा खोल विहिरी घेण्यास मनाई आहे. खंडपीठाने कायद्याच्या ज्या स्पष्ट मनाईचा उल्लेख केला, ती येथे काही अंशी उपलब्ध आहे. तिचा उपयोग व्हायचा तर उल्लंघन कोणाच्या तरी नजरेस पडले पाहिजे आणि ते लेखी नोंदले गेले पाहिजे.

पेरुमाट्टीची अडचण येथेच होती. कारखाना येण्यापूर्वी विहिरींत पाणी किती होते आणि कसे होते, याच्या गावपातळीवरील नोंदी नसल्या की पुढे पावसाकडे बोट दाखविणे सोपे जाते. गावातील निवडक विहिरींची पातळी उन्हाळ्यात व पावसाळ्यानंतर मोजणे, पर्जन्यमान लिहून ठेवणे, पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत पाठविणे ही कामे ग्रामपंचायतीच्या आवाक्यातील आहेत. शाळेतील विद्यार्थ्यांकडून शिक्षक ती करवून घेऊ शकतील. तांत्रिक साहाय्यासाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे. उद्योगाला ना-हरकत दाखला देण्यापूर्वी तो रोज किती पाणी घेणार, कोठून घेणार आणि सांडपाणी व गाळ कोठे टाकणार, हे तीन प्रश्न ग्रामसभेत विचारले जावेत आणि त्यांची उत्तरे इतिवृत्तात यावीत. परवाना देताना विचारलेला प्रश्न गावाला एका बैठकीत विचारता येतो. तोच प्रश्न परवाना दिल्यानंतर विचारण्यासाठी पेरुमाट्टीच्या लोकांना १५ वर्षे झगडावे लागले.