ओझे कोठे ठेवावे?

(रुग्णालयाच्या वार्षिक उपकारस्तुतीच्या उपासनेत पाळकीय सेवा विभागाच्या वतीने करण्यात आलेले भाषण)





किती रुग्ण दाखल झाले, किती शस्त्रक्रिया झाल्या, किती खर्च झाला, याचा तपशील या अहवालाच्या अन्य पानांवर आपणांस वाचावयास मिळेल. आम्ही बोलणार आहोत ते अशा एका गोष्टीविषयी, जिची नोंद कोणत्याही रजिस्टरात होत नाही. ती म्हणजे रुग्णाबरोबर या वास्तूत येणारे चिंतेचे ओझे. रुग्णास खाट मिळते; नातेवाइकाच्या मनावरील ओझ्यास मात्र खाट नसते. ते व्हरांड्यातच रात्र काढते.

अशाच एका रात्री अतिदक्षता विभागाबाहेर ऊसतोडीस आलेल्या कुटुंबातील एक तरुण बाप बसला होता. आत त्याचे लहान मूल अत्यवस्थ होते. आम्ही जवळ जाऊन, आमच्या नेहमीच्या सवयीने म्हणालो, "काळजी करू नका, सगळं देवावर सोपवा." त्याने मान वर करून आमच्याकडे पाहिले आणि शांतपणे विचारले, "देवावर सोपवलंय साहेब. पण बिल कोणावर सोपवू?"

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. म्हणूनच ते आम्हांस अधिक लागले. ज्या शब्दांनी आम्ही त्याचे ओझे हलके करू पाहत होतो, त्याच शब्दांनी आम्ही स्वतःची त्याच्या ओझ्यातून सुटका करून घेत होतो. हे त्या रात्री आमच्या ध्यानी आले आणि पवित्र शास्त्र याविषयी नेमके काय सांगते, हे आम्ही पुन्हा एकदा वाचले.

प्रेषित पेत्राने आपल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात चिंता देवावर टाकण्याविषयी लिहिले आहे. तेथे योजलेला मूळ ग्रीक शब्द नव्या करारात आणखी एकाच ठिकाणी येतो. यरुशलेमेत प्रवेश करताना शिष्यांनी आपली वस्त्रे शिंगराच्या पाठीवर टाकली, त्या प्रसंगी लूकने तोच शब्द वापरला आहे. म्हणजे येथे चिंता नाहीशी झाल्याचा बहाणा करावयाचा नाही. ओझे खरे आहे, त्याला वजन आहे. ते एका पाठीवरून उचलून दुसऱ्या, अधिक समर्थ पाठीवर ठेवावयाचे आहे. आणि पेत्र त्याचे कारणही देतो: देवाला आपली आस्था आहे.

पंचावन्नावे स्तोत्र रचणाऱ्या भक्ताचा तर जिवलग मित्रानेच घात केला होता. तोही आपला भार परमेश्वरावर टाकावयास सांगतो. परंतु तो पुढे जे आश्वासन देतो, ते लक्षपूर्वक वाचावे. भार उचलून नेला जाईल, असे तो म्हणत नाही. परमेश्वर तुला सांभाळील, असे तो म्हणतो. कित्येकदा आजार राहतो, कर्ज राहते, एकटेपणही राहते. पण माणूस कोसळत नाही.

आता बिलाच्या प्रश्नाकडे येऊ. पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात एकमेकांची ओझी वाहण्याची आज्ञा दिली आहे आणि असे करणे म्हणजेच ख्रिस्ताचा नियम पाळणे होय, असे म्हटले आहे. देवावर टाकलेले ओझे देव पुष्कळदा शेजाऱ्याच्या हाती देतो, हा याचा सरळ अर्थ. त्या रात्री तो शेजारी आम्हीच होतो. मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांतील १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवण्याची व्यवस्था २००६ पासून आहे. ही व्यवस्था त्या बापास ठाऊक नव्हती. आम्हांस ठाऊक होती. तरीही आम्ही आधी उपदेश केला. सकाळी समाजसेविका ताईंनी त्याची शिधापत्रिका पाहिली, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी कोठे जावे ते समजावून सांगितले आणि अर्ज भरून घेतला. त्या अर्जावर त्याने अंगठा उठवला, तेव्हा आमच्या प्रार्थनेला खऱ्या अर्थाने 'आमेन' लाभले, असे आम्हांस वाटले.

बंधुभगिनींनो, येथेच थांबलो असतो तर ही कथा सुखान्त ठरली असती. परंतु ते मूल वाचले नाही. डॉक्टरांनी प्रयत्नांची शर्थ केली, परिचारिकांनी डोळ्यांत तेल घालून शुश्रूषा केली, आम्ही प्रार्थना केल्या. चौथ्या दिवशी पहाटे ते गेले. त्याच्या आईने आम्हांला एकच प्रश्न विचारला, "आमचंच मागणं कमी पडलं का हो?"

या प्रश्नास आम्ही निःसंदिग्ध उत्तर दिले आणि तेच आज या व्यासपीठावरून पुन्हा देत आहोत. नाही, ताई. तुमचे काहीही कमी पडले नाही. प्रार्थना हे देवाच्या पेढीवर भरावयाचे शुल्क नव्हे, की रक्कम अपुरी पडली म्हणून काम अडावे. गेथशेमाने बागेत प्रत्यक्ष प्रभू येशूने दुःखाचा प्याला टळावा म्हणून विनवणी केली होती. तो प्याला टळला नाही. त्याचा विश्वास उणा होता, असे कोण म्हणेल? त्या रात्री त्याने आपल्या तीन शिष्यांना आपल्याबरोबर जागे राहावयास सांगितले आणि ते झोपी गेले. ज्या प्रभूवर आपण ओझे टाकतो, त्याला व्हरांड्यातील रात्र ठाऊक आहे. सोबत मागूनही न मिळणे म्हणजे काय, हे तो जाणतो. 'का?' या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. त्या माउलीशेजारी एक सिस्टर बसून राहिल्या, त्यांनी तिचा हात सोडला नाही. आमच्या शब्दांहून ते मौन अधिक बोलके होते.

देवावर भार टाकणे म्हणजे हातपाय गाळून बसणे नव्हे, याचा दाखला शोधण्यास आपल्याला दूर जाण्याचे कारण नाही. भीषण दुष्काळाच्या काळात पंडिता रमाबाईंचे आईवडील आणि थोरली बहीण दगावली. १८८० साली भाऊ गेला, तर १८८२ साली विवाहानंतर दोन वर्षांच्या आत पती निवर्तले. पदरी तान्ही मनोरमा होती. १८९६-९७ चा दुष्काळ पडला, तेव्हा स्वतः भोगलेली भूक त्या विसरल्या नव्हत्या. त्या मध्य प्रांतात गेल्या आणि निराधार मुली-स्त्रियांना घेऊन आल्या. केडगावचे मुक्ती सदन त्यातूनच वाढले. तेथे प्रार्थना होत असे आणि विहिरीही खणल्या जात. स्त्रिया उपासनेस बसत आणि छापखान्यात खिळेही जुळवत. १९२१ साली मनोरमाही गेली. लेकीच्या जाण्याने खचलेली, कानांनी ऐकू येईनासे झालेली ती माता मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून करावयाच्या मराठी बायबलच्या भाषांतराचे काम करीतच राहिली. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे देहावसान झाले. संपूर्ण बायबल १९२४ साली प्रसिद्ध झाले. रमाबाईंचे ओझे देवाने काढून घेतले असे त्यांच्या चरित्रात कोठेच दिसत नाही. त्या ओझ्याखाली त्या चिरडल्या गेल्या नाहीत, हे मात्र पानोपानी दिसते.

शेवटी दोन शब्द आपल्या कर्मचारी बंधुभगिनींसाठी. इतरांची ओझी वाहणाऱ्यांच्या पाठीला कोणी विचारीत नाही. सलग रात्रपाळ्या, घरी आजारी सासूबाई, मुलांची परीक्षा आणि वॉर्डात नुकताच झालेला मृत्यू, हे सारे मनात घेऊन आपण हसतमुखाने पुढील खाटेकडे वळता. एलिया संदेष्टा असाच थकून रानात एका झुडपाखाली निजला आणि आता मरण येवो, असे म्हणू लागला. देवाने त्याला दोष दिला नाही, प्रवचनही दिले नाही. त्याला झोपू दिले. देवदूताने त्याला उठवून भाकर व पाणी दिले आणि पुन्हा झोपू दिले. संभाषण पुढे, पर्वतावर झाले. थकलेल्या माणसाने विश्रांती मागणे हा अविश्वास नव्हे. मन जड झाल्यास सहकाऱ्याला सांगावे, डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, औषध लागल्यास तेही घ्यावे. वैद्यकीय उपचार आणि प्रार्थना यांत आम्ही कधी वैर मानले नाही. तसे असते तर ख्रिस्ताच्या नावाने रुग्णालये उभीच राहिली नसती.

त्या रात्रीपासून आमच्या विभागाने स्वतःस एक शिस्त लावून घेतली आहे. नातेवाइकाजवळ गेल्यावर 'काळजी करू नका' हे शब्द आम्ही प्रथम उच्चारीत नाही. आधी विचारतो, "जेवलात का? कशाची काळजी वाटते?" मग ऐकतो. जे आमच्या हातून होण्यासारखे असते ते करतो. त्या व्यक्तीची इच्छा असल्यास, मग ती कोणत्याही धर्माची असो, तिच्यासमवेत प्रार्थना करतो. जे कोणाच्याच हातून होण्यासारखे नसते, ते आम्ही दोघे मिळून देवापुढे ठेवतो.

नव्या वर्षात पदार्पण करताना विश्वस्त मंडळापुढे निधीची चिंता आहे, डॉक्टरांपुढे अपुऱ्या मनुष्यबळाची आहे, आणि प्रत्येकाच्या मनात एखादी न सांगितलेली चिंता आहे. ती लपवू नका. ती देवाच्या पाठीवर ठेवा आणि आपला एक हात मोकळा करा. त्या मोकळ्या हाताची व्हरांड्यात कोणीतरी वाट पाहत आहे.

परमेश्वर आपणां सर्वांस व आपल्या रुग्णांस सांभाळो. आमेन.