उशिरा आलेले जाणतेपण



सोळावे वर्ष लागले की मुलाशी मित्राप्रमाणे वागावे, असे आपले जुने लोक सांगत आले. कायदा अठराव्या वर्षी माणसाला सज्ञान ठरवितो. परंतु सज्ञान होणे वेगळे आणि जाणते होणे वेगळे. पहिले वाढदिवसाबरोबर आपोआप येते. दुसरे केव्हा येईल याचा नेम नाही. तिशी उलटून गेली तरी ज्याला ते आले नाही, अशा एका माणसाची कथा सांगणारा मराठी चित्रपट आज आम्ही आपल्यापुढे विचारासाठी ठेवीत आहोत. त्याचे नाव ‘द डिसायपल’, म्हणजे शिष्य.

हा चित्रपट चैतन्य ताम्हाणे यांनी लिहिला आणि दिग्दर्शित केला. २०१४ सालच्या ‘कोर्ट’नंतरची ही त्यांची दुसरी कृती. २०२० साली व्हेनिसच्या महोत्सवात तिला उत्कृष्ट पटकथेचे पारितोषिक मिळाले. नाचगाणी नाहीत, खलनायक नाही, रहस्य नाही. गल्ल्याकडे पाहून चित्रपट काढणाऱ्याने हा विषय हातीही धरला नसता. विवेक गोम्बर यांच्यासारखा निर्माता पाठीशी उभा राहिला, म्हणूनच तो झाला.

कथा थोडक्यात अशी. २००६ साली शरद नेरूळकर हा चोवीस वर्षांचा तरुण मुंबईत शास्त्रोक्त गायन शिकत आहे. वडिलांनी लहानपणीच त्याला हे वेड लावले. स्वतः त्यांच्या पदरी मात्र यश पडले नव्हते. घरी आजी आहे, आणि मुलाने कमावते व्हावे ही सर्व आज्यांची असते तशी तिचीही इच्छा आहे. शरद गुरुजींचे पाय चेपतो, त्यांच्या औषधपाण्याचे पाहतो आणि रियाज करतो. गुरुजींच्या गुरू माई यांच्या व्याख्यानांची गुप्तपणे केलेली मुद्रणे त्याच्यापाशी आहेत. मध्यरात्री मोटारसायकलीवरून तो ती ऐकत जातो. कला म्हणजे तपश्चर्या, लौकिकाची आशा धराल तर बुडाल, असा त्यांचा आशय. हा आवाज सुमित्रा भावे यांचा. १९ एप्रिल २०२१ रोजी त्या निवर्तल्या आणि त्याच महिन्याच्या ३० तारखेस हा चित्रपट नेटफ्लिक्सवरून घरोघरी पोहोचला. त्यामुळे, दिवंगत गुरूची वाणी ऐकणाऱ्या शरदाची जी स्थिती, तीच काहीशी आपणा प्रेक्षकांचीही झाली.

आता गंमत पाहा. वैराग्याचे हे पाठ ऐकणारा शरद स्पर्धेचा निकाल लागताना आपले नाव येते काय म्हणून कान टवकारून बसतो. आपल्या गाण्याखाली परक्या माणसाने संगणकावर काय लिहिले आहे, हे चोरून वाचतो. एक संग्राहक त्याच्या दैवतांविषयी नको त्या गोष्टी सांगतो, तेव्हा हा त्याच्या तोंडावर पेला रिकामा करतो. आपण हसतो, पण हसू ओठांवर असतानाच मनात काहीतरी खुपते. कारण हा माणूस ढोंगी नाही. तो प्रामाणिक आहे, कष्टाळू आहे, फक्त देणगी बेताची आहे. पु. ल. देशपांडे यांच्या ‘तुझे आहे तुजपाशी’ या १९५७ सालच्या नाटकातले आचार्य आठवावेत. त्यांच्या व्रतस्थपणाला हसता हसताच अखेरीस त्यांची कीव येते. आसू आणि हसू यांचे हे मिश्रण मराठी प्रेक्षकाला नवे नाही.

शरदाला उशीर का झाला? आपल्या काळेवाडीत हे समजावून सांगणे सोपे आहे. पवनेपलीकडे पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, मागोमाग कारखाने आले, आणि घरटी कोणी ना कोणी यंत्राशी हात मिळवून बसला. लेथवर काढलेला दांडा मापात आहे की नाही, हे मायक्रोमीटर तेथल्या तेथे सांगतो. शिकाऊ उमेदवाराला आपली चूक त्याच दिवशी कळते आणि तीत अपमानही नसतो. गाण्याला असे गेज नाही. तेथे मोजमाप असते गुरूच्या मुखात, आणि गुरू म्हणतो, “घाई करू नकोस.” हा उपदेश खोटा नव्हे, परंतु ज्याचा गळा पोहोचणार आणि ज्याचा पोहोचणार नाही, त्या दोघांनाही तो एकच असतो. म्हणून शरदाची दहा-पंधरा वर्षे निघून जातात.

आणि दुखावलेला माणूस दुसऱ्याला दुखावतो. पुढे शरद स्वतः शिकवू लागतो. एका विद्यार्थ्याला महाविद्यालयातल्या वाद्यवृंदात गायचे असते. त्याची आई परवानगी विचारते. शरद तिला असे तोडून बोलतो की ऐकणाऱ्याने मान खाली घालावी. चित्रपटातला सर्वांत कटू प्रसंग आम्हांस हाच वाटतो.

कोणी विचारील, मग मुलांना कलेच्या नादी लावूच नये काय? आमचे म्हणणे तसे मुळीच नाही. याच चित्रपटात गुरुजींचे काम करणारे अरुण द्रविड पाहा. ते मोगूबाई कुर्डीकर व किशोरी आमोणकर यांच्याकडे शिकले, आणि व्यवसायाने रसायन-अभियंते! त्यांनी पोटाचा उद्योगही केला आणि गाणेही जपले. शरद गात राहिला, यात त्याचे काही चुकले नाही. शिखराखालची प्रत्येक पायरी त्याने लाजिरवाणी मानली, हे चुकले.

दुसरीही बाजू सांगितली पाहिजे. या पट्ट्यात कंत्राटावर राबणारी कित्येक मुले आहेत. मुदत संपली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. लग्न लांबते, घर लांबते. त्यांना “आता तरी मोठा हो” असे सुनावणे सोपे आहे. पण ज्याला आपणच वर्षानुवर्षे उमेदवार ठेवले, त्याच्या पोरकटपणाचा दोष एकट्याच्या माथी मारणे न्यायाचे नाही. मोठे होण्यास जागा लागते, आणि ती जागा वडीलधाऱ्यांनी व समाजाने करून द्यायची असते.

अखेरीस शरद मैफलीत मध्येच थांबतो आणि उठून जातो. पुढे तो पत्नी व मुलीसह आगगाडीत बसलेला दिसतो. डब्यातून एक फिरस्ता गात जातो. त्याला कोणी गुरू, घराणे वा पारितोषिक विचारीत नाही. शरद ऐकतो. त्याच्या मुखावर पराभव आहे की सुटका, हे दिग्दर्शक सांगत नाही. आम्हांस वाटते, आपल्या आवाक्याची ओळख पटणे यालाच जाणतेपण म्हणतात. ती पटताना डोळ्यांत पाणी येते आणि खांद्यावरचे ओझेही उतरते. ज्यांच्या हाताखाली मुले आहेत, मग ते आईबाप असोत, मास्तर असोत वा कारखान्यातले मिस्त्री, त्यांनी ही ओळख मुलांना वेळेवर आणि मायेने करून द्यावी, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.