दहा वर्षांसाठी बांधलेला पैसा



सह्याद्री हॉस्पिटलचं नाव पुणेकरांना नव्याने सांगायला नको. डॉ. चारुदत्त आपटे यांनी उभारलेल्या या रुग्णालय-समूहाची मालकी अलीकडच्या काळात तीनदा बदलली. 2019 मध्ये एव्हरस्टोन या प्रायव्हेट इक्विटी कंपनीने त्यातला मोठा वाटा घेतला. 2022 मध्ये समूह कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांताच्या शिक्षकांच्या पेन्शन फंडाकडे गेला आणि 2025 मध्ये मणिपाल हॉस्पिटल्सने तो घ्यायचं ठरवलं. 2022 च्या व्यवहाराचा आकडा वृत्तपत्रांत सुमारे 2,500 कोटी रुपये आला होता, 2025 च्या व्यवहाराचा सुमारे 6,400 कोटी. या दोन आकड्यांची वजाबाकी करून तो नफा समजू नका. अशा किमतीत कंपनीवरचं कर्जही धरलेलं असतं आणि मधल्या वर्षांत नवा पैसाही ओतला जातो. तरीही पुण्यातल्या रुग्णालयाची किंमत वाढली की टोरांटोच्या आसपास राहणाऱ्या निवृत्त शिक्षकांची पेन्शन भक्कम होते, हे खरंच आहे.

त्या शिक्षकांचा पेन्शन फंड महाकाय आहे. पुढच्या वीस-तीस वर्षांत कोणत्या वर्षी किती पेन्शन द्यायची याचा हिशेब त्याच्यापाशी तयार असतो. दहा वर्षं हात न लावता ठेवता येईल असा पैसा त्याच्याकडे खरोखरच असतो, आणि प्रायव्हेट इक्विटीचा जन्म अशाच पैशासाठी झाला. आता तीच गुंतवणूक आपल्याकडे फ्लॅट विकून किंवा पुनर्विकासातून हाती रक्कम आलेल्या माणसापुढे ठेवली जाते. बँकेचा रिलेशनशिप मॅनेजर घरी येतो, गुळगुळीत कागदावरची पुस्तिका देतो. म्हणून आज हा विषय घेतला.

व्यवस्था अशी आहे. शेअर बाजारात नोंद नसलेल्या कंपन्यांत मोठा वाटा घ्यायचा, चार-सहा वर्षं त्यांच्या कारभारात लक्ष घालायचं, मग आयपीओ आणून किंवा दुसऱ्या कुणाला विकून बाहेर पडायचं. हे काम करणाऱ्या फंडांसाठी सेबीने 2012 मध्ये पर्यायी गुंतवणूक निधीचे नियम केले. प्रायव्हेट इक्विटी त्यातल्या दुसऱ्या प्रवर्गात येते. सर्वसाधारण गुंतवणूकदाराला किमान 1 कोटी रुपये लागतात. एका योजनेत जास्तीत जास्त 1,000 गुंतवणूकदार असू शकतात. गुंतवण्याजोग्या रकमेच्या 25 टक्क्यांपेक्षा जास्त एका कंपनीत घालता येत नाही. मुदत किमान तीन वर्षं असावी असा नियम आहे, पण प्रत्यक्षात ती सात-आठ वर्षांची ठेवलेली असते आणि मूल्याच्या हिशेबाने दोन-तृतीयांश युनिटधारकांची संमती असेल तर आणखी दोन वर्षं वाढते. मधेच पैसे काढण्याची सोय नाही. युनिट दुसऱ्याला विकता येतं, पण घेणारा शोधावा लागतो आणि तो किंमत पाडूनच मागतो.

एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. 1 कोटी एकदम द्यायचे नसतात. आपण कबुली देतो आणि कंपन्या सापडतील तसतसा फंड हप्त्याने पैसा मागवतो. याला ड्रॉडाउन म्हणतात. नोटीस आली की थोड्याच दिवसांत रक्कम भरावी लागते. तोवर तो पैसा आपल्याला मुदत ठेवीत किंवा लिक्विड फंडात तयार ठेवावा लागतो. तिथे तो थोडं कमावतो, पण पुस्तिकेतल्या परताव्याच्या आकड्यात हा वाट पाहण्याचा काळ मोजलेलाच नसतो.

आता फीकडे येऊ. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण इथेच लोक वाचता वाचता पान उलटतात.

व्यवस्थापनाची फी सहसा 2 टक्क्यांच्या आसपास असते आणि बऱ्याच फंडांत ती निदान सुरुवातीची काही वर्षं कबूल केलेल्या पूर्ण रकमेवर लागते. म्हणजे 30 लाखच मागवले असले तरी फी 1 कोटीवर. आठही वर्षं तशीच लागली तर 16 लाख, त्यावर 18 टक्के जीएसटी धरून 18 लाख 88 हजार. कोटीतले साधारण 81 लाखच कामाला लागले. त्यांनी आधी ही खोट भरून काढायची, मग नफ्याचं बोलायचं. म्हणूनच पहिल्या तीन-चार वर्षांत खात्याचं मूल्य भरलेल्या रकमेपेक्षा कमी दिसतं, आणि ते पाहून घाबरून जाणारे पुष्कळ असतात.

त्यानंतर येतो नफ्यातला वाटा, ज्याला या धंद्यात कॅरी म्हणतात. हा बहुधा 20 टक्के असतो आणि ठरावीक परतावा गुंतवणूकदाराला मिळाल्यावरच तो घ्यायचा असतो. त्या पातळीला हर्डल म्हणतात. ऐकायला हे न्याय्य वाटतं. पण करारात कॅच-अप नावाचं एक कलम असतं, ते आकड्यांत पाहू.

सोयीसाठी समजा, सगळा कोटी पहिल्याच दिवशी दिला. आठ वर्षांनी सर्व कंपन्या विकून, फी-खर्च वजा जाता आपल्या नावावर 2 कोटी जमले. हर्डल 8 टक्के चक्रवाढ आहे. त्या दराने कोटीचे आठ वर्षांत 1 कोटी 85 लाख होतात. ते आधी आपले. उरले 15 लाख. त्यातले 20 टक्के, म्हणजे 3 लाख व्यवस्थापकाचे आणि 12 लाख आपले, असं कुणालाही वाटेल. पूर्ण कॅच-अप असेल तर तसं होत नाही. एकूण नफ्याच्या 20 टक्के हाती येईपर्यंत हर्डलपुढचा प्रत्येक रुपया व्यवस्थापकाचा. एकूण नफा 1 कोटी, त्याचे 20 टक्के म्हणजे 20 लाख. शिल्लक आहेत 15 लाख. ते सगळेच्या सगळे व्यवस्थापक नेतो. आपल्या हाती 1 कोटी 85 लाख, आणि त्यातूनही भांडवली नफ्यावरचा कर जायचा आहे. यात बेकायदा काहीच नाही. सही करण्याआधी हे कलम आहे का, आणि ते पूर्ण आहे की अर्धं, एवढं विचारलंच पाहिजे.

परताव्याचे आकडे कसे वाचायचे? पुस्तिकेत आयआरआर, म्हणजे चक्रवाढीने काढलेला वार्षिक परताव्याचा दर, ठळक छापलेला असतो. हा आकडा वेळेला फार हळवा असतो. पैसा तीन वर्षांत दुप्पट झाला तर तो 26 टक्के, आठ वर्षांत झाला तर 9 टक्के. दोन कंपन्या लवकर नफ्यात विकल्या गेल्या आणि बाकीच्या तशाच पडून असल्या, तरी सुरुवातीच्या त्या नफ्याने फंडाचा आकडा बराच काळ चमकत राहतो. न विकलेल्या कंपन्यांची किंमत ही अंदाजाची किंमत असते. ती आता स्वतंत्र मूल्यांकनकाराकडून ठरवून घ्यावी लागते, ही सुधारणा चांगलीच आहे, पण मूल्यांकन करणारा ती कंपनी विकत घेणार नसतो. म्हणून माझ्या लेखी एकच आकडा सर्वांत वजनदार आहे: गुंतवणूकदारांनी भरलेल्या प्रत्येक रुपयामागे आजवर किती रोख परत केली? धंद्यातली मंडळी याला डीपीआय म्हणतात. याच व्यवस्थापकाचा सात वर्षांपूर्वीचा फंड असेल आणि त्याचा डीपीआय अजून 0.4 असेल, म्हणजे रुपयातले 40 पैसेच परत आले असतील, तर नव्या फंडाची पुस्तिका कितीही देखणी असो, आधी जुन्याचा हिशेब मागा.

बाहेर पडायला किती काळ लागतो, हे पुण्याच्याच एमक्युअर फार्मास्युटिकल्सवरून कळेल. 2006 मध्ये ब्लॅकस्टोनने तिथे पैसा घातला. पुढे तो वाटा बेन कॅपिटलने घेतला. आयपीओ आला जुलै 2024 मध्ये. चांगली कंपनी, जगातले दोन बलाढ्य फंड, तरी बाजारात यायला अठरा वर्षं लागली. बेंगळुरूच्या गोकलदास एक्स्पोर्ट्सची कहाणी याहून कटू आहे. ब्लॅकस्टोनने 2007 मध्ये या वस्त्रनिर्यातदार कंपनीत मोठा वाटा घेतला. पाठोपाठ 2008 चं जागतिक संकट आलं. दहाएक वर्षांनी मोठा तोटा सोसून ब्लॅकस्टोन बाहेर पडली. नंतर नव्या व्यवस्थापनाखाली कंपनी सावरली, शेअर कितीतरी पट वर गेला, पण तो नफा घ्यायला ब्लॅकस्टोन तिथे नव्हती.

या भांडवलाला मी विरोध करतो आहे असं कृपया समजू नका. नाशिकजवळच्या मोहाडीच्या सह्याद्री फार्म्समध्ये 2022 साली युरोपीय गुंतवणूकदारांनी सुमारे 310 कोटी रुपये घातले. शेतकऱ्यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या उद्योगाला इतकं भागभांडवल बँकेच्या कर्जातून मिळालं नसतं. कर्जाचा हप्ता पहिल्या वर्षापासून सुरू होतो, भागभांडवल वाट पाहू शकतं. किर्लोस्करांना 1910 मध्ये कुंडलच्या माळावर कारखाना काढता आला तो औंध संस्थानाने जागा दिली आणि भांडवलाला आधार दिला म्हणूनच. वाट पाहू शकणारा पैसा महाराष्ट्रात कमीच पडत आला आहे, आणि तो वाढावा असं मला मनापासून वाटतं. प्रश्न इतकाच की वाट पाहण्याची ऐपत कुणाची आहे.

विक्रेत्याच्या कमिशनबद्दलही बोलायला हवं. 2023 पासून सेबीने फंडांना डायरेक्ट प्लॅन ठेवणं बंधनकारक केलं आहे, म्हणजे मध्यस्थाविना जाता येतं. मध्यस्थामार्फत गेलात तर एकूण कमिशनच्या एक-तृतीयांशापर्यंतच रक्कम सुरुवातीला देता येते, बाकीची फंडाच्या मुदतीत विभागून. तेव्हा घरी आलेल्या माणसाला त्याचं कमिशन किती, हे संकोच न करता विचारा.

माझं स्वतःचं मत सांगतो. ज्यांच्याकडे घर सोडून निदान दहा कोटींची आर्थिक मालमत्ता आहे, त्यांनी त्यातला एखादा कोटी अशा फंडात घालायला हरकत नाही. एकच कोटी आहे आणि तोच पुढच्या आयुष्याचा आधार आहे, अशांनी याच्या वाटेला जाऊ नये. पासष्टी ओलांडलेल्यांना विशेष आग्रहाने सांगेन: ड्रॉडाउनचा हप्ता चुकला तर दंडव्याज लागतं, आणि करारानुसार युनिटं जप्तही होऊ शकतात. कबुली देणारा माणूस मधेच गेला तर उरलेले हप्ते भरण्याचा प्रश्न वारसांपुढे उभा राहतो. मुदत संपली तेव्हा एखादी कंपनी विकली गेलेली नसेल, तर रोखीऐवजी तिचे शेअर वाट्याला येण्याचीही तरतूद नियमांत आहे. नोंद नसलेल्या कंपनीचे असे शेअर कुणाला विकायचे, हे नागपूरला नोकरी करणाऱ्या मुलीला किंवा शिकागोतल्या मुलाला कसं कळणार? सही करण्याआधी त्यांना शेजारी बसवून फंडाच्या मेमोरँडममधली, म्हणजे सविस्तर माहितीपत्रकातली, फी, कॅच-अप आणि हप्ता चुकल्यास काय, ही तीन प्रकरणं मोठ्याने वाचून घ्या.

आता अर्धा तास प्रश्नांसाठी ठेवला आहे. ज्यांनी असे कागद सोबत आणले आहेत त्यांनी आधी विचारावं.